लाल पट्टीची गवसणी

मुठीतली गवसणी घामानं ओली झाली होती. बोटभर लांबीची, जाड कापडाची, एका बाजूनं शिवलेली... तिला टाचलेली लाल पट्टी मुठीबाहेर लोंबत होती आणि वाऱ्यानं मधूनमधून मनगटाला लागत होती. दर वेळी बलभीमला वाटायचं, कुणी तरी हात लावून बोलावतंय. पट्टीवर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, उडण्याआधी हे काढा. काढलं होतं. पायलटनं स्वतः काढून त्याच्या हातात दिलं होतं, 'पकडो इसको, खोना नहीं' म्हणाला होता, आणि बलभीमनं ती हरवली नव्हती, लहान मूल जत्रेत पैसा धरतं तशी धरली होती. गवसणी इथं होती, विमान वर होतं, आणि ज्या नळीवर ती चढवायची त्या नळीच्या तोंडात सकाळच्या पूजेत द्वारकाबाईंनी बोटानं दाबून भरलेली ओली हळद होती.

धावपट्टीच्या कडेनं सगळं गाव माना वर करून बसलं होतं. लोक ढगांकडे बघत होते. साखर कारखान्यानं मिठाची पूड ढगांवर टाकायला विमान आणलं होतं, आता ढग फुटतील, आत्ता फुटतील — श्रावण अर्धा सरला तरी विहिरींत घागर बुडत नव्हती, उसाची खोडं वाळून वाजत होती — आणि ढग मात्र रोज येत होते, काळे, भरलेले, उमरग्याकडून लोहाऱ्याकडे मुकाट्यानं निघून जात होते. बलभीम ढगांकडे बघत नव्हता. तो ऐकत होता. मघाशी आवाज होता, पातळ, शिवणयंत्रासारखा. मग तो ढगांत गेला आणि आता नव्हताच.

नळी लहानशी असते. पंखाखाली लोंबते, तोंड पुढं करून. विमानाला आपला वेग मोटारीसारखा चाकांवरून कळत नाही. समोरची हवा त्या नळीत शिरते, तिच्या दाबानं पायलटपुढच्या तबकडीतला काटा सरकतो. नळी बुजली की काटा झोपतो. वर असताना निभेल, मुरलेला पायलट इंजिनाच्या आवाजावरून, हाताला लागणाऱ्या जोरावरून भागवून नेईल. पण उतरताना... उतरताना विमान मुद्दाम हळू करायचं असतं, आणि एका हद्दीपेक्षा हळू झालं की पंख हवा सोडतात. मग इंजिन चालू असो की बंद, विमान खाली येतं. दगड येतो तसं येतं.

हे मला ठाऊक आहे, की नुसतं वाटतंय? — हा प्रश्न तो विमान उडाल्यापासून स्वतःला विचारत होता. त्याचं सगळं ज्ञान उमरग्याच्या हमरस्त्यावरच्या रद्दीवाल्याकडचं. हैदराबादेहून येणाऱ्या ट्रकांतून इंग्रजी मासिकांचे गठ्ठे उतरायचे, त्यांतली विमानांची तो निवडून आणायचा, डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायचा. अपघातांच्या हकिगती त्याला विशेष आवडायच्या. आवडायच्या हा शब्द बरा नाही, पण खरा तोच. वैमानिक कोण होता, हवा कशी होती, चूक कुठून सुरू झाली... आणि ऐन वेळी 'पुढील पानावर', आणि पुढचं पान नसायचं. त्यात कुणी तरी शेंगदाणे बांधून नेलेले असायचे. नळी बुजल्याची हकिगतही त्यानं अशीच अर्धी वाचली होती. त्यातला पायलट धावपट्टीच्या अलीकडे पोचला होता, एवढं बलभीमला माहीत होतं. पुढं त्याचं काय झालं ते माहीत नव्हतं.

आणि गेल्या साली हसं झालंच होतं की. प्रचाराला एक पुढारी हेलिकॉप्टरनं आले, शाळेच्या मैदानावर ते उतरलं, आणि पोटाखाली टपटप गळताना बलभीमनं पाहिलं. दोर ओलांडून तो धावला, 'बसू नका, बसू नका' म्हणून ओरडला. पोलिसानं दंडाला धरलं. पायलट वाकून बघून हसला; म्हणाला, तेल आहे, गळतंय म्हणजे शिल्लक आहे, गळायचं थांबेल तेव्हा ओरड. सगळं मैदान हसलं. तेव्हापासून कारखान्याच्या गोदामात त्याला कुणी बलभीम म्हणत नाही. पायलटसाहेब, दोन पोती युरिया काढा. पायलटसाहेब, चहा सांगा.

पण काल दुपारी हे विमान उतरलं आणि खऱ्या पायलटनं त्याला नावानं हाक मारली. मागची आसनं काढून तिथं पत्र्याची पेटी बसवलेली होती, मिठाची पूड तीत भरायची, वर गेल्यावर तळाची झडप उघडायची. पूड बलभीमनंच गोदामात चाळून, उन्हात वाळवून ठेवली होती. पेटी भरता भरता तो बोलून गेला, हा फ्लॅप, हे रडर, ही वेगाची नळी. पायलट हातातली सिगारेट विसरून बघत राहिला. 'अरे, तुम कहाँ सीखे?' रद्दीत, हे सांगायला बलभीम लाजला. मग पायलटनं त्याला काम दिलं. उद्या निघताना समोर डावीकडं उभं राहायचं. मी फेरी मारून सगळं तपासेन, गवसणी काढून तुझ्याकडे देईन. इंजिन चालू झालं की मी अंगठा दाखवेन, आजूबाजूला सगळं ठीक असेल तर तू दाखव. 'मेरी आँख उधर नहीं पहुँचती, समझे? तुम मेरी आँख.' बलभीमला काल जेवण गेलं नाही. हवाई दलाच्या भरतीत हैदराबादला डाव्या कानात दोष आहे म्हणून दारातून परत पाठवला होता त्याला, त्या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली असतील, आणि परवापर्यंत त्याला वाटत होतं की ते दुखणं विझलंय.

आज सकाळी पायलटनं ठरल्याप्रमाणं फेरी मारली. पंख हलवून पाहिले, चाकं दाबून पाहिली, गवसणी काढली. सगळं रीतसर झालं — आणि मग पूजा निघाली.

पायलट चांगला माणूस, त्यानं मोडता घातला नाही. एवढंच बजावलं की पुढच्या पंख्याला कुणीही हात लावायचा नाही, तो फिरला तर हात जाईल. द्वारकाबाई, चेअरमन आण्णासाहेबांच्या पत्नी, हळदी-कुंकवाचं ताट घेऊन पुढं झाल्या होत्या. ट्रॅक्टर असो, हंगामाची पहिली मोळी असो, बोअरची मशीन असो, पहिलं बोट त्यांचं. बोनटला लावायचं तर बोनट उंच. पंख्याला लावायचं तर मनाई. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि पंखाखाली बरोबर हाताला येईल अशी, पुढं तोंड केलेली, चकचकीत, जणू त्यासाठीच ठेवलेली ती नळी त्यांना दिसली. हळद कालवलेली होती, घट्ट. त्यांनी बोट दाबून लावली. वर कुंकू. वर अक्षता. मागच्या चौघी सवाष्णींनीही तिथंच लावलं.

बलभीम तेव्हा समोर नव्हता. पूजेचं ताट पुढं आलं तसा तो मागं सरकला होता, लोकांना अडवायला बांधलेल्या दोराच्या बाहेर. कुणी सांगितलं नव्हतं. पायच गेले. आमच्या घरातला देव्हारा छप्पन साली दीक्षा घेतल्यावर बापानं स्वतः उचलून नदीत सोडला, मी तेव्हा रांगत होतो. मला कुणी कधी देवळातून हाकलल्याचं आठवत नाही, कारण मी गेलोच नाही. तरी ताट दिसलं की पाय मागं जातात. हे पाय कुणाचे? हा प्रश्न त्याला नवा नव्हता, पण आज त्याला किंमत होती. तो समोर उभा असता तर 'बाईसाहेब, तिथं नको' एवढं म्हणता आलं असतं. लावण्याआधी सांगणं आणि लावल्यावर पुसायला सांगणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शेजारी महालिंगप्पा उभे होते, गोदामाचे मोठे कारकून, तोंडात पान. बलभीम त्यांच्या कानाशी गेला.

"अप्पा, त्या नळीत हळद गेलीय."

"कुटल्या नळीत?"

"पंखाखालच्या. वेग कळतो तिच्यावरनं. बुजली तर काटा हलायचा न्हाय."

अप्पांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मग? पुसून टाका म्हणू वैनीसाहेबास्नी? सवाष्णीनं लावलेलं कुंकू पुसा म्हणू, आण्णांच्या म्होरं?"

"तुम्ही पायलटला सांगा."

"म्या काय सांगू, मला त्यातलं काय कळतंय? तूच सांग की." मग त्यांनीच बलभीमचा दंड धरला, आवाज खाली आणला. अप्पा वाईट माणूस नव्हते, हेच अवघड होतं. "न्हाय, तू तर बोलूच नगंस. तू बोललास तर काय म्हणतील ठावं हाय? ह्यांच्यात चालत न्हाय म्हणून आमचं कुंकू पुसाया निघालाय. पाऊस न्हाय पडला की तुज्यावर येईल. आन् गेल्या सालचं टपटप ध्यानात हाय न्हवं? गप ऱ्हा."

तेवढ्यात नारळ फुटला, ताशा वाजला, इंजिन सुरू झालं. बलभीम धावत समोर डावीकडं जाऊन उभा राहिला. नळी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होती असं म्हणता येणार नाही, पण हळदीचा पिवळा गोळा त्याला स्पष्ट दिसत होता, तोंडावर बसवल्यासारखा. काचेआडून पायलटनं त्याच्याकडे पाहिलं. गळ्यात झेंडूचा हार, डोळ्यांवर काळा चष्मा. पायलटनं अंगठा वर केला.

आणि बलभीमनं अंगठा वर केला.

का? विमान गेल्यावर तो हेच उगाळत होता. भीतीनं म्हणावं तर त्या क्षणी भीती नव्हती. अप्पांचं बोलणं आठवलं म्हणावं तर तेही नव्हतं. सगळ्या गावासमोर, ताशाच्या आवाजात, एका पायलटनं त्याला विचारलं, आणि त्याचा हात आनंदानं वर गेला. एवढंच. फार गोड वाटलं. हळद दिसत असतानाही गोड वाटलं. विमान धुरळा उडवत पळालं, उचललं गेलं, लोक टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या थांबल्यावर मगच त्यानं मुठीतल्या गवसणीकडे पाहिलं.

"बलभीम." त्याची माय दगडाबाई मागं येऊन बसली होती, डोक्यावर पदर, हाताचा आडोसा डोळ्यांवर धरलेला. तिला आज घरी थांब म्हटलं असतं तरी ती थांबली नसती. बहात्तरच्या दुष्काळात ही धावपट्टी तिनं केली होती; ती असंच म्हणायची, म्या केली. खडी फोडायची, टोपल्यानं टाकायची, दुपारी सुकडी खाऊन पुन्हा बसायचं. विमानं येतील असं तेव्हा साहेबांनी सांगितलं होतं. विमान कधी आलं नाही. लोक पट्टीवर ज्वारी मळत, मिरच्या वाळत घालत, आणि माय जाता-येता म्हणायची, लोकास्नी खळं बरं झालं. आज तिच्या खडीवरून पहिल्यांदा विमान उडालं होतं.

"कवा यायचं रं माघारी?"

"येईल आता."

"उतरंल न्हवं नीट?"

 'उतरंल,' तो म्हणाला. आईकडे न बघता म्हणाला.

वर ढग एकमेकांत मिसळत होते. लोकांत चुळबुळ सुरू झाली होती, कुणी म्हणालं थेंब पडला, कुणी म्हणालं चिमणी असंल, हशा झाला. महालिंगप्पा कुणाला तरी सांगत होते, आभाळाला लागली हाय दिष्ट, मीठ उतरून टाकल्याबगर पाऊस कसा पडंल. बलभीमच्या डोळ्यांपुढं मात्र विमान उतरत होतं. बाभळींच्या बाजूनं येतंय, हळू होतंय, अजून हळू... डावा पंख झुकतो. सावकाश झुकतो, कुणी कुशीवर वळावं तसा. आवाज नंतर येतो. धूर येतो. लोक पळतात आणि सगळ्यांच्या पुढं आपण पळतोय, हातात ही गवसणी. मग आण्णासाहेब विचारतात, कसं झालं. मग आपण सांगतो. शांतपणानं सांगतो. नळीत हळद होती. मी अप्पांना सांगितलं होतं, विचारा त्यांना. अप्पा मान खाली घालतात. द्वारकाबाई तोंडाला पदर लावतात. कुणीही हसत नाही. पुढं चौकशीला मोठे अधिकारी येतात, खुर्ची देतात, इंग्रजीत विचारतात, तुम्हाला हे कसं माहीत. आणि मासिकात ती हकिगत छापून येते, पूर्ण, पुढच्या पानासकट...

तो दचकला. किती बारकाईनं रचलं होतं हे सगळं! अधिकाऱ्याच्या खुर्चीचा रंगसुद्धा ठरला होता. फक्त पायलट कुठं नव्हता त्यात. त्याचा हार, चष्मा, 'तुम मेरी आँख'... धुरात काय झालं त्याचं, हे या चित्रात कुणी विचारलंच नव्हतं. आणि अंगठाही नव्हता. चित्रातल्या बलभीमनं अंगठा दाखवलाच नव्हता.

मनात काहीही येतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. भीतीचीच रूपं ही. आईसुद्धा पोर उशीर करतं तेव्हा त्याचं मढं बघते. मी घाबरलोय म्हणून दिसतंय. मला विमानं आवडतात, लहानपणापासून आवडतात, रानात गुरांमागं असताना आवाज आला की सगळं टाकून वर बघायचो, ठिपका दिसेनासा होईतो बघायचो, तो पडावा असं कधी... कधीच नाही.

तेव्हाच आवाज आला.

त्याच्या चांगल्या कानाला तो सगळ्यांच्या आधी आला असावा. पातळ, मग भरदार. बाभळींच्या वर ठिपका दिसला. लोक उठले, ओरडू लागले. आणि बलभीमच्या छातीत काही तरी खाली बसलं. सुटका नव्हती ती. सुटका कशी असते ते त्याला माहीत होतं. ती येणारच होती, एका श्वासानंतर आलीही, डोळ्यांत पाणी घेऊन आली. पण तिच्या आधी, अगदी आधी, जे आलं ते वेगळं होतं. दुकानाच्या दारात पोचावं आणि दार लागलेलं दिसावं, तसं. निराशा. त्यानं ती ओळखली. नाकारायला वेळच मिळाला नाही.

विमान वेगात आलं, नको इतक्या वेगात. पायलट वेग सोडायला तयार नव्हता. काट्यावर विश्वास नसलेला माणूस असंच करील, बलभीमला कळलं. चाकं टेकली, उसळली, पुन्हा टेकली, धुरळ्यात सगळं नाहीसं झालं, आणि धुरळा बसला तेव्हा विमान पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला, खडी संपायच्या जरा अलीकडे उभं होतं. ताशा वाजायला लागला. लोकांना वाटलं असंच उतरतात.

"समदी उभी ऱ्हायली," माय म्हणाली, "आन् तू मटकन खाली बसलास. काय रं झालं?"

तो बसला होता हे त्याला तेव्हा कळलं.

"काय न्हाय."

 मायनं पुढं विचारलं नाही. तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तो टोकाला पोचेपर्यंत पायलट उतरून मोटारीजवळ गेला होता, आण्णासाहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून बोलत होते. द्वारकाबाई बायकांना सांगत होत्या, "उद्या बी ह्याच येळंला या गं समद्या. पाच दिवस पूजेचा नेम हाय." बलभीमला पाहून पायलट दोन पावलं बाजूला आला. चेहरा घामानं डबडबलेला, हार कुठं तरी काढून टाकलेला. हसून, हळूच म्हणाला, सुई पूरे टाइम मरी हुई थी. नळीत माशी घुसली असेल, उन्हात उभं होतं ना; जेवून येतो, मग बघतो. 'तब तक कवर चढ़ा दो. बोलना मत किसीको, डर जाएँगे.' आणि मोटारीत जाऊन बसला.  मोटारीचं दार त्याला पहिल्या खेपेला लागलं नाही.

बलभीम पंखाखाली गेला. हळद वाळून टणक झाली होती, तिला मधोमध भेग गेली होती, कुंकवाच्या लाल कडेत तांदळाचा एक दाणा रुतला होता. गवसणी चढवली की हे झाकलं जाईल. नखानं खरवडलं तर दोन क्षणांत निघेल, पायलटला वाटेल माशीच होती, कुणी पाहणार नाही, कुणी काही म्हणणार नाही, आणि उद्या द्वारकाबाई पुन्हा बोट दाबतील. त्यानं अंगठ्याचं नख नळीच्या तोंडाला लावलं. थोडी हळद सुटून नखात आली. तो थांबला. उद्याही आवाज येईल. उद्याही मी ऐकत बसेन. काय ऐकायला?

मोटार सुरू झाली. पायलटनं खिडकीतून बाहेर वाकून पाहिलं, कवर चढलं का हे विचारायचं होतं त्याला, आणि लांबून त्यानं अंगठा वर केला.

बलभीमचा हात वर गेला नाही. नखातली हळद बघत तो तसाच उभा राहिला, दुसऱ्या हातात गवसणी, तिची लाल पट्टी वाऱ्यावर. पायलटचं हसू हळूहळू मावळलं. मोटार थांबली, दार उघडलं, आणि तो एकटाच धुरळ्यातून परत चालत येऊ लागला. हळदीचं सांगता येईल. अंगठ्याचंही सांगता येईल, मार खावा तसं सांगता येईल. पण आवाज आला तेव्हा छातीत जे खाली बसलं ते कुणाला सांगायचं हे बलभीमला कळत नव्हतं, आणि पायलट आता चेहरा दिसेल इतका जवळ आला होता.